मसूरची बैलगाडी आणि माँटगोमेरीची बस

१९०१ साल. साताऱ्याहून रेल्वेने निघालेली काही मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, मनात वडिलांना भेटण्याची ओढ. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांचा माणूस घ्यायला येणार होता, पण कोणीच आले नाही. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. मुले दुप्पट भाडे द्यायला तयार होती, तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोडगा निघाला. दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. त्या मुलांमधला नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणजे भीमराव.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधला हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. आपण तो वाचतो, हळहळतो आणि पुढच्या पाण्याच्या प्रसंगाकडे वळतो. पण त्या गाडीपाशी जरा थांबू या. तिथे पैशाचा प्रश्न नव्हता, कारण दुप्पट पैसे मोजले होते. गाडीत बसण्याचाही प्रश्न नव्हता, कारण मुले गाडीत बसलीच. प्रश्न होता हाकण्याचा. अस्पृश्याला गाडीत बसवून त्याची गाडी हाकणे गाडीवानाला मंजूर नव्हते.

१९२९ साली चाळीसगावला हेच पुन्हा घडले. आता बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीच्या कामावर होते. तरीही एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यात घेऊन जायला तयार झाला नाही. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायचा वस्तीतल्याच माणसाने. त्याला सवय नव्हती. वाटेत घोडा बुजला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले.

म्हणजे प्रवासाच्या हक्कात दोन प्रश्न असतात. पहिला: मला बसायला मिळेल का? दुसरा: गाडी कोणाच्या हातात आहे? आपण पहिल्या प्रश्नावर पुष्कळ बोलतो, दुसऱ्यावर कमी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रवासाचा इतिहास वाचला की लक्षात येते, लढाई जिंकली किंवा हरली जाते ती दुसऱ्या प्रश्नावर. म्हणून हा इतिहास आपल्या तरुणांनी नीट वाचावा. 'एका थकलेल्या बाईने सीट सोडली नाही आणि क्रांती झाली' एवढ्या शाळकरी गोष्टीपुरता तो वाचू नये.

रेल्वेचा डबा

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतरच्या काही दशकांत दक्षिणेकडच्या राज्यांनी एकामागून एक वेगळेपणाचे कायदे केले आणि त्यांचा पहिला मोठा आखाडा ठरली रेल्वे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. शेतावर आणि घरात गोरा मालक आणि काळा मजूर जवळजवळच वावरत होते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, कारण एक मालक होता आणि दुसरा नोकर. रेल्वेत मात्र दोघांच्या हातात सारखेच तिकीट होते. तिकीट माणसाला बरोबरीचे करते, आणि तीच बरोबरी सहन होत नव्हती.

आयडा बी. वेल्स या तरुण शिक्षिकेने टेनेसीत पहिल्या वर्गाचे तिकीट काढले होते. कंडक्टरने तिला डबा बदलायला सांगितले, तिने नकार दिला, तेव्हा तिला ओढून बाहेर काढण्यात आले. तिने रेल्वे कंपनीवर दावा लावला आणि १८८४ साली ५०० डॉलरची भरपाई मिळवली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुढे याच वेल्सबाईंनी लिंचिंगविरुद्ध लेखणी चालवली.

१८९० मध्ये लुईझियाना राज्याने गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या डब्यांचा कायदा केला. न्यू ऑर्लिन्समधल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी समिती स्थापन केली, निधी गोळा केला आणि ठरवून कायदा मोडला. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा व्यवसायाने चांभार असलेला तरुण गोऱ्यांच्या डब्यात बसला. तो दिसायला गोराच होता. आपण कृष्णवर्णीय वंशाचे आहोत हे त्याने स्वतः सांगितले, तेव्हा कुठे त्याला अटक झाली! रंग डोळ्यांना दिसत नव्हता, तरी कागदावर होता. जात म्हणजे काय ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

विशेष म्हणजे रेल्वे कंपनीलाही हा कायदा नको होता. तिला काळ्यांविषयी प्रेम नव्हते, जादा डबा जोडायचा खर्च नको होता. पण सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक अशा मताने कायदा वैध ठरवला. 'वेगळे पण समान' हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात राहिले. पुढची जवळजवळ साठ वर्षे रेल्वे, बस, शाळा, दवाखाना, पाण्याचा नळ, सगळीकडे हाच निकाल पुढे केला गेला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले, तेव्हा त्या देशाच्या दक्षिण भागात याच निकालाचे राज्य होते.

लोक गप्प बसले होते का? मुळीच नाही. १९०० ते १९०६ या काळात दक्षिणेतल्या पंचवीसहून अधिक शहरांत कृष्णवर्णीयांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. त्यात माँटगोमेरीही होते. नॅशव्हिल शहरातल्या व्यावसायिकांनी आणि धर्मगुरूंनी तर १९०५ मध्ये युनियन ट्रान्सपोर्टेशन कंपनी काढली आणि स्वतःच्या गाड्या आणल्या. त्यांना दुसरा प्रश्न बरोबर कळला होता: ट्राम सोडायची तर पर्यायी गाडी हवी. पण वाफेवरच्या त्या गाड्या शहरातले चढ नीट चढेनात. विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या तर भांडवल पुरेना. कंपनी बुडाली आणि लोक नाइलाजाने ट्रामच्या मागच्या बाकांवर परतले. कारण पाय रोज चालू शकत नाहीत, आणि कामावर तर रोज जायचे असते.

स्वतःची मोटार: सुटका की पळवाट?

मोटारी स्वस्त झाल्या तसा ज्यांना परवडले त्या कृष्णवर्णीयांनी मोटार घेतली. आपल्याकडे नोकरी लागल्यावर गाडी घेण्यात जी भावना असते, तीच तिथेही होती. कोणाच्या दारात उभे राहायला नको, कंडक्टरचे बोलणे ऐकायला नको. खाजगी गाडी म्हणजे अपमानातून सुटका.

पण गाडी आपली झाली तरी रस्ता आपला झाला नव्हता. पेट्रोल कुठे मिळेल? लघवीला कुठे जायचे? रात्री झोपायचे कुठे? अंधार पडल्यावर कृष्णवर्णीयाने दिसू नये अशी सक्त ताकीद देणारी गावे देशभर होती, आणि ती फक्त दक्षिणेत नव्हती. लोक डबे बांधून निघत. पाणी, अंथरूण, पेट्रोलचा कॅन सोबत ठेवत. काही जण गाडीत ड्रायव्हरची टोपी ठेवत. चांगली गाडी पाहून पोलिसाने अडवले तर सांगायचे, गाडी मालकाची आहे, मी फक्त चालवतो. विचार करा, स्वतःच्या कष्टाची गाडी परक्याची म्हणून सांगावी लागत होती.

या अडचणीतून एक पुस्तिका जन्माला आली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारा व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हा पोस्टमन होता. कृष्णवर्णीय प्रवाशाला जिथे उतरता येईल, जेवता येईल, गाडी दुरुस्त करता येईल, अशा ठिकाणांची यादी त्याने १९३६ साली छापली. 'द निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक' असे तिचे नाव. आधी ती न्यूयॉर्कपुरती होती, नंतर साऱ्या देशाची झाली. एस्सो कंपनीच्या पेट्रोल पंपांवरही ती मिळे. ग्रीन १९६० मध्ये वारला. नागरी हक्कांचा कायदा १९६४ मध्ये झाला आणि दोन-तीन वर्षांत पुस्तिका बंद झाली. एक दिवस या पुस्तिकेची गरज उरणार नाही, ही ग्रीनचीच इच्छा होती.

'ग्रीन बुक'चे मोल मोठे आहे. ज्ञान एकत्र केले की दुबळ्याचे संरक्षण होते, हे त्या पोस्टमनने दाखवले. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. ज्याच्याकडे मोटार त्याच्यासाठी ती पुस्तिका. पहाटे उठून गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक-झाडलोट करायला जाणाऱ्या बाईकडे मोटार नव्हती. तिला बसनेच जावे लागे. समाजातल्या थोड्यांनी खाजगी गाडीत बसून अपमान चुकवला, तरी बसमधला अपमान तसाच राहतो. खाजगी वाहन समाजाच्या कामी कधी येते? ते सार्वजनिक केल्यावर. आणि तेच माँटगोमेरीत घडले.

माँटगोमेरीची बस

बसमधल्या भेदभावाविरुद्ध न्यायालयात एक विजय आधीच मिळाला होता. १९४४ मध्ये आयरीन मॉर्गन या महिलेने व्हर्जिनियात ग्रेहाउंड बसमधली सीट सोडायला नकार दिला. जून १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसला वेगळेपणाचा कायदा लावता येणार नाही. याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य त्यांनी त्या पत्रात नोंदवले. अर्ज, दावे, कायदा यांची ताकद बाबासाहेबांइतकी कोणाला माहीत होती? पण मॉर्गन निकाल कागदावरच राहिला. दक्षिणेतल्या बस कंपन्या आपले नियम पुढे करून लोकांना मागेच बसवत राहिल्या. आणि शहरातल्या बसला तर तो निकाल लागूच नव्हता.

अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. तिथल्या बसमध्ये ३६ सीट. पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव, मागच्या १० काळ्यांसाठी, मधल्या १६ ड्रायव्हरच्या मर्जीवर. गोरे वाढले की मधल्या ओळीतल्या काळ्यांनी उठायचे. एका गोऱ्यासाठी अख्खी ओळ रिकामी करायची, कारण एका ओळीत दोघे बसले तर बरोबरी होईल. पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने आत यायचे. कधी कधी पैसे घेऊन ड्रायव्हर तेवढ्यात बस पुढे काढत असे. आणि या बसचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते! कंपनी चालत होती त्यांच्या पैशावर. स्टिअरिंगवर मात्र एकही काळा ड्रायव्हर नव्हता.

आता ती 'थकलेल्या बाईची' गोष्ट तपासू. रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. शिवणकाम करत होत्या हे खरे. पण त्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिवही होत्या, अत्याचाराच्या तक्रारी नोंदवत होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात हायलँडर या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन आल्या होत्या. त्यांच्या आधी, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या मुलीने सीट सोडली नव्हती आणि तिलाही अटक झाली होती. त्याच्याही आधी, मे १९५४ मध्ये, जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने विमेन्स पोलिटिकल कौन्सिलच्या वतीने महापौराला पत्र पाठवून बहिष्काराचा इशारा दिला होता. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री याच रॉबिन्सनबाईंनी कॉलेजात रात्रभर जागून हजारो पत्रके काढली. सकाळी ती शहरभर वाटली गेली. जामिनाला धावले ते ई. डी. निक्सन, रेल्वेच्या स्लीपर डब्यातले पोर्टर आणि पोर्टरांच्या युनियनचे पुढारी. गोऱ्यांचे अंथरूण घालणाऱ्या पोर्टरांनी १९२५ साली युनियन बांधली होती आणि १९३७ साली कंपनीला करार करायला भाग पाडले होते. मार्टिन ल्यूथर किंग २६ वर्षांचे होते, गावात नवे होते, आणि पार्क्स यांच्या अटकेनंतर चार दिवसांनी अध्यक्ष निवडले गेले.

थोडक्यात, नेता आला तेव्हा संघटना आधीच उभी होती. ती उभारण्यात बायकांचा वाटा सर्वांत मोठा होता. आपल्या चळवळीचा इतिहास लिहितानाही हीच चूक होते, म्हणून हे ठासून सांगतो आहे.

३८१ दिवस गाडी कशी चालली?

५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. एक दिवस चालणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी काय? सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे १० सेंटमध्ये, लोकांना नेले. पोलिसांनी लगेच नियम काढला: टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट, कमी घेतले तर कारवाई. अर्धशतकापूर्वी नॅशव्हिलची कंपनी जिथे अडली तिथेच हा लढा येऊन उभा राहिला.

किंग यांनी लुईझियानातल्या बॅटन रूज शहरात फोन लावला. तिथे रेव्हरंड जेमिसन यांच्या नेतृत्वाखाली जून १९५३ मध्ये थोडे दिवस बस-बहिष्कार झाला होता आणि लोकांनी आपल्या खाजगी गाड्या फुकट चालवल्या होत्या. ती पद्धत माँटगोमेरीने उचलली आणि मोठी केली. सुमारे ३०० खाजगी मोटारी गोळा झाल्या. डॉक्टर, धर्मगुरू, शिक्षक, दुकानदार, गृहिणी यांनी गाड्या दिल्या आणि स्वतः चालवल्या. रूफस लुईस यांच्याकडे वाहतूक समिती आली. सकाळी लोकांना घेण्यासाठी ४८ थांबे आणि संध्याकाळी परत आणण्यासाठी ४२ थांबे ठरले. सकाळचे सोपे होते, लोक वस्तीतून निघत. संध्याकाळी मात्र मोलकरणी शहरभर विखुरलेल्या असत. कोणती बाई कोणत्या गल्लीत काम करते, तिला कुठून घ्यायचे? इथे टपाल खात्यात काम करणाऱ्यांना शहराची खडानखडा माहिती होती, ती कामी आली. पुन्हा पोस्टमन! रोझा पार्क्स यांनीही काही काळ गाड्या पाठवण्याचे काम केले.

नंतर चर्चच्या नावावर मोठ्या स्टेशन वॅगन घेण्यात आल्या. लोक त्यांना 'चाकांवरची चर्च' म्हणू लागले. पैसा कुठून आला? सभांमधल्या झोळीतून, देशभरातून आणि परदेशातून. आणि जॉर्जिया गिल्मोर यांच्या स्वयंपाकघरातून. या बाईने इतर बायकांना जोडले. त्या केक, पाय, जेवण करून विकत आणि पैसे चळवळीला देत. कोणी विचारले पैसे कुठून आले, तर उत्तर एकच: कुठूनच नाही. म्हणून त्यांच्या गटाचे नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' पडले. नाव सांगितले असते तर गोऱ्या मालकिणींनी त्यांना कामावरून काढले असते.

मजा पाहा. महापौराने गोऱ्या मालकिणींना सांगितले की तुम्ही मोलकरणींना गाडीतून आणणे-सोडणे बंद करा, तुमच्यामुळे बहिष्कार टिकतो आहे. मालकिणी ऐकेनात, कारण घरचे काम कोण करणार? कोण कोणावर अवलंबून आहे, हे त्या एका वाक्यात उघडे पडले.

मग दडपशाही आली. पोलिस ड्रायव्हरांना ऊठसूट दंडाच्या पावत्या देऊ लागले. २५ मैलांच्या हद्दीत ३० मैलांनी गाडी चालवली म्हणून किंग यांना २६ जानेवारी १९५६ ला अटक झाली. ३० जानेवारीला त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, १ फेब्रुवारीला निक्सन यांच्या घरी. बहिष्कारविरोधी १९२१ च्या एका जुन्या कायद्याखाली जवळपास ९० जणांवर खटले भरले गेले. विमा कंपन्यांनी वॅगनचा विमा रद्द केला, म्हणजे गाडी रस्त्यावर आणणेच बेकायदा. तेव्हा अटलांटातल्या टी. एम. अलेक्झांडर या कृष्णवर्णीय विमा एजंटाने थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. काठीने मोडले नाही ते कागदाने मोडायचा प्रयत्न झाला, आणि कागदानेच त्याला उत्तर दिले गेले. आपल्या समाजात वकील, एजंट, हिशेबनीस, मेकॅनिक का हवेत, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. भाषण करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

दुसरीकडे वकील फ्रेड ग्रे यांनी फेडरल न्यायालयात दावा लावला. त्यात ऑरेलिया ब्राउडर आणि क्लॉडेट कॉल्विन यांच्यासह सगळ्या वादी स्त्रियाच होत्या. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला वेगळेपणा घटनाबाह्य ठरवला. आणि त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने शहराच्या अर्जावर ही गाड्यांची व्यवस्था बंद पाडण्याचा हुकूम दिला! शत्रूला कळले होते की लढ्याचा प्राण त्या गाड्यांमध्ये आहे. पण उशीर झाला होता. हुकूम हातात येईपर्यंत महिनाभर लोक पायी चालले आणि २१ डिसेंबर १९५६ ला बसच्या पुढच्या सीटवर बसले. ३८१ दिवस झाले होते.

बहिष्कार आपला आणि त्यांचा

'बहिष्कार' हा शब्द आपल्याला वेगळ्या अर्थाने माहीत आहे. आपल्याकडे तो बलवानाने दुबळ्यावर टाकायचा. महाडला पाण्याला हात लावला, मेलेली ढोरे ओढणे सोडले, की गावाने मजुरी बंद करायची, दुकान बंद करायचे, वाट बंद करायची. बाबासाहेबांनी या हत्याराचे बारकाईने विश्लेषण केले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा यायला त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

मग तेच हत्यार माँटगोमेरीत दुबळ्यांच्या हाती कसे चालले? दोन कारणे. एक, बस कंपनीचा धंदा त्यांच्या १० सेंटवर उभा होता. जिथे आपला पैसा किंवा आपले श्रम कळीचे असतात, तिथेच आपल्या नकाराला किंमत असते. दोन, नकार दिल्यावर जगण्याची सोय त्यांनी स्वतः उभी केली. खेड्यात जमीन, विहीर, दुकान सगळे दुसऱ्याच्या हाती असताना अस्पृश्यांना हे शक्य नव्हते. म्हणूनच बाबासाहेब स्वतंत्र वसाहतींची मागणी करत होते आणि खेडे सोडा, शहरात या, असे सांगत होते. त्यांच्या या सांगण्यामागचे अर्थशास्त्र माँटगोमेरीत आरशासारखे स्वच्छ दिसते.

सीट मिळाली, रस्ता गेला

इथे गोष्ट संपवली तर ती अर्धी राहील. निकालानंतर काही दिवसांतच बसवर गोळीबार झाला, त्यात एक गरोदर स्त्री पायाला गोळी लागून जखमी झाली. दोन राज्यांमधल्या प्रवासातला वेगळेपणा तर १९६१ पर्यंत चालूच होता. ४ मे १९६१ ला १३ स्वातंत्र्ययात्री, काळे आणि गोरे मिळून, वॉशिंग्टनहून बसने निघाले. अलाबामात ॲनिस्टनजवळ त्यांची बस जाळली गेली. नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी यात्रा पुढे नेली, मिसिसिपीच्या तुरुंगात तीनशेहून अधिक जण गेले. अखेर १ नोव्हेंबर १९६१ पासून स्टँडवरचे 'गोरे' आणि 'काळे' असे फलक उतरवणे बंधनकारक झाले.

पहिला प्रश्न सुटला. पण दुसरा? १९५६ मध्येच अमेरिकेने देशभर महामार्ग बांधण्याचा प्रचंड कायदा केला. हे महामार्ग शहरात कुठून गेले? मायामीच्या ओव्हरटाउनमधून, सेंट पॉलच्या रोंडोमधून, न्यू ऑर्लिन्सच्या क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरून. म्हणजे भरलेल्या कृष्णवर्णीय वस्त्यांच्या छातीवरून. माँटगोमेरीत नवा महामार्ग बहिष्काराचे कार्यकर्ते राहत त्याच वस्तीतून आखला गेला. तेव्हा राज्याच्या महामार्ग खात्याचा प्रमुख होता सॅम एंगलहार्ट, गोऱ्या वर्चस्ववादी सिटिझन्स कौन्सिलचा जुना पुढारी. त्याच महामार्गांवरून गोरा मध्यमवर्ग स्वतःच्या मोटारीत बसून उपनगरात निघून गेला. अटलांटात १९७१ मध्ये मेट्रो-बसच्या योजनेवर मतदान झाले, तेव्हा क्लेटन आणि ग्विनेट या तेव्हाच्या गोऱ्या उपनगरी परगण्यांनी ती नाकारली. शहरातल्या काळ्या माणसाने बसने आपल्या दारात यावे हे नको होते. आता कायदा कोणाला मागे बसवत नव्हता, पण बसच तिथे जात नव्हती!

ही नवी अस्पृश्यता ओळखणारेही निघाले. लॉस एंजेलिसमध्ये बस रायडर्स युनियनने, म्हणजे बसमध्ये बसणाऱ्यांच्याच संघटनेने, १९९४ मध्ये दावा लावला. पैसा उपनगरी रेल्वेवर जातो आणि गरीब काळ्या-लॅटिनो प्रवाशांच्या बस मात्र खच्चून भरलेल्या असतात, हे त्यांचे म्हणणे. १९९६ मध्ये करार होऊन प्रशासनाला बससेवा सुधारण्याचे बंधन मान्य करावे लागले. प्रवासी हा सुद्धा संघटित होऊ शकणारा वर्ग आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आपण काय घ्यायचे?

तर मित्रहो, आज एसटीत कोणी आपल्याला जात विचारून मागे बसवत नाही. ते बाबासाहेबांच्या संविधानाने मिळवलेले आहे आणि ते लहान नाही. पण आपल्या गावाची एसटी कोणत्या वेळेला येते? मुलीला कॉलेजातून परतायला शेवटची गाडी मिळते का? थांबा वस्तीपासून किती दूर आहे? महामार्गाची, उड्डाणपुलाची, मेट्रोची आखणी होते तेव्हा कोणाच्या झोपड्या आधी उठतात? हे कोण ठरवते आणि त्या टेबलावर आपला माणूस असतो का? हे प्रश्न विचारायला पुतळा फुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे, आपल्यातल्या ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना विचारू या: ही गाडी समाजाच्या उपयोगी कधी येते? चैत्यभूमीला-दीक्षाभूमीला जायला येतेच. पण अत्याचारग्रस्त कुटुंबाला कोर्टाच्या तारखेला न्यायला येते का? साक्षीदार तारखेला पोचला नाही तर खटल्याचे काय होते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. प्रत्येक तालुक्यात पाच गाड्या, पाच चालक आणि एक वही एवढी व्यवस्था उभी करायला ना निवडणूक लागते, ना पक्ष, ना परवानगी. तीनशे गाड्यांनी एक शहर वर्षभर पेलले, आपण पाच गाड्यांनी एक तालुका पेलून पाहू.

मसूरच्या गाडीवानाला वाटले होते की लगाम पोरांच्या हाती देऊन आपण त्यांना कमी लेखले. त्या पोराने पुढे काय काय हाकले ते साऱ्या देशाने पाहिले. आता पुढच्या तारखेला कोणाला न्यायचे आहे, त्याची यादी आजच करायला घ्या.

जय भीम!